विंचूदंशावरील प्राझोसिन उपचार

विंचूदंशावरील प्राझोसिन उपचार ही भारतीय लाल विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांसाठी महाराष्ट्राच्या कोकण विभागात विकसित झालेली उपचारपद्धती आहे. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. प्राझोसिन हे मुळात उच्च रक्तदाबावरील औषध होय. विंचवाच्या विषामुळे हृदय व रक्ताभिसरणावर येणारा घातक ताण या औषधाने कमी होतो, असे त्यांच्या निरीक्षणांतून दिसून आले. हे निष्कर्ष १९८६ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे विंचवावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर प्राझोसिन आणि प्रतिविष यांच्या एकत्रित वापराची यादृच्छिक चाचणीही महाड येथेच झाली. तिचे निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केले.

अत्यवस्थ रुग्णांवरील बहुतेक संशोधन मोठ्या शहरांतील अतिदक्षता विभागांतून होते. प्रस्तुत संशोधन मात्र व्हेंटिलेटर, रक्तवायू तपासणी किंवा हृदयरोगतज्ज्ञ यांपैकी काहीही हाताशी नसलेल्या ग्रामीण भागात उभे राहिले. त्यामुळे वैद्यकाच्या इतिहासात त्याला वेगळे स्थान आहे.

## लाल विंचू

भारतीय लाल विंचवाचे शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस असे असून जुन्या ग्रंथांत व शोधनिबंधांत तो मेसोब्युथस टॅम्युलस किंवा ब्युथस टॅम्युलस या नावांनी आढळतो. बुथिडी कुळातील हा विंचू जगातील सर्वाधिक विषारी विंचवांपैकी एक मानला जातो. त्याची लांबी साधारणपणे ५ ते ९ सेंटिमीटर असते. रंग तांबूस तपकिरी ते नारिंगी असतो व नांग्या तुलनेने बारीक असतात. आकाराने मोठा, काळा व जाड नांग्यांचा विंचू दिसायला अधिक भीतिदायक असला, तरी त्याचा दंश सहसा प्राणघातक नसतो. आकार आणि धोका यांचे हे व्यस्त प्रमाण ग्रामीण भागात अनेकदा गैरसमजाला कारण ठरते.

लाल विंचू कोकणाबरोबरच पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, सौराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या काही भागांत आढळतो. कोकणातील जांभ्या दगडाची जमीन, दगडी बांध, सरपणाचे ढीग, भाताचा पेंढा, शेणाच्या गोवऱ्या, घराची कौले आणि मातीच्या भिंतींतील भेगा ही त्याची आवडती आश्रयस्थाने होत. तो निशाचर आहे. दंशाचे प्रमाण उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या तोंडावर, तसेच भातकापणीच्या सुमारास वाढते. अनवाणी शेतात काम करणारे शेतकरी व शेतमजूर, जमिनीवर झोपणारी मुले आणि सरपण किंवा पेंढा हाताळणाऱ्या स्त्रिया यांना दंशाचा धोका अधिक असतो.

जगभरात दरवर्षी सुमारे १२ लाख विंचूदंश होतात आणि त्यांत ३,००० हून अधिक मृत्यू होतात, असा अंदाज २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मांडला गेला. भारतातील अनेक दंशांची नोंदच होत नसल्याने देशातील नेमका आकडा सांगणे कठीण आहे.

## विषाची क्रिया

लाल विंचवाच्या विषात लहान आकाराची अनेक प्रथिने असतात. त्यांपैकी काही प्रथिने चेतापेशींच्या आवरणातील सोडियमच्या मार्गिका दीर्घकाळ उघड्या ठेवतात, तर काही पोटॅशियमच्या मार्गिका बंद करतात. कॅल्शियमवर अवलंबून असणाऱ्या पोटॅशियम मार्गिका रोखणारे आयबेरिओटॉक्सिन हे प्रथिन याच विंचवाच्या विषातून वेगळे करण्यात आले असून ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरले जाते.

मार्गिकांवरील या दुहेरी परिणामामुळे चेतातंतू वारंवार व अनियंत्रितपणे उद्दीपित होतात. शरीराच्या इच्छेविना चालणाऱ्या क्रियांचे नियमन करणारी स्वायत्त चेतासंस्था त्यामुळे खवळते. या अवस्थेला वैद्यकीय परिभाषेत ‘स्वायत्त वादळ’ म्हणतात. त्याचे साधारणपणे दोन टप्पे दिसतात.

पहिल्या टप्प्यात अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्याचा प्रभाव असतो. उलट्या, भरपूर घाम, लाळ गळणे, नाडी मंदावणे आणि पुरुष रुग्णांत लिंगताठरता ही त्याची लक्षणे होत. हा टप्पा थोडा वेळ टिकतो. दुसऱ्या टप्प्यात अ‍ॅड्रिनलीन व नॉरअ‍ॅड्रिनलीन ही द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात मिसळतात. त्यामुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय थंडगार पडतात, रक्तदाब वाढतो आणि नाडी वेगाने चालू लागते. आकुंचन पावलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या कप्प्यावर असह्य भार येतो. त्यातच अ‍ॅड्रिनलीनचा थेट दुष्परिणाम हृदयाच्या स्नायूवर होतो. हृदय थकले की रक्त मागे तुंबते व फुप्फुसांत पाणी साचते. रुग्णाला धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास काही तासांत मृत्यू ओढवतो.

याच काळात इन्सुलिनचा स्राव दबला जातो, रक्तातील साखर व मुक्त मेदाम्ले वाढतात आणि हृदयाच्या स्नायूला ऊर्जा मिळणे आणखी अवघड होते. हृदयाची ही हानी बहुतांशी तात्पुरती असते. रुग्ण वाचल्यास त्याचे हृदय सहसा काही दिवसांत पूर्ववत होते. उपचारांच्या दृष्टीने ही बाब अत्यंत महत्त्वाची ठरली, कारण मृत्यू आणि पूर्ण बरे होणे यांमध्ये अनेकदा केवळ काही तासांचेच अंतर असते.

## गंभीरतेच्या पायऱ्या

विंचूदंशाच्या रुग्णांचे वर्गीकरण चार पायऱ्यांत केले जाते.

* पहिली पायरी: दंशाच्या जागी तीव्र वेदना, शरीरात इतरत्र विषाची लक्षणे नाहीत.
* दुसरी पायरी: उलट्या, घाम, लाळ, थंड हातपाय, वाढलेला किंवा कमी झालेला नाडीचा वेग आणि रक्तदाबातील बदल, म्हणजेच स्वायत्त वादळ.
* तिसरी पायरी: थंड हातपाय व वेगवान नाडी यांसह फुप्फुसांत पाणी साचणे.
* चौथी पायरी: रक्तदाब कोसळून आघाताची स्थिती, हातपाय उबदार असूनही रक्ताभिसरण अपुरे, फुप्फुसांत पाणी असू शकते.

बावस्कर यांच्या निरीक्षणानुसार, ज्या रुग्णाला दंशाच्या जागी असह्य वेदना होतात त्याला सामान्यपणे जिवाचा धोका कमी असतो. ज्याला वेदना फारशी नाही, पण जो घामाने भिजला आहे व ज्याचे हातपाय गार आहेत, त्याच्याकडे तातडीने लक्ष द्यावे लागते. सर्वसामान्य समजुतीच्या नेमका उलट असलेला हा निष्कर्ष ग्रामीण डॉक्टरांसाठी विशेष उपयोगी ठरला.

## प्राझोसिनपूर्व काळ

१९८०च्या दशकापूर्वी गंभीर विंचूदंशावर निश्चित उपचार नव्हता. वेदनाशामके, गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपीन, डिजिटालिस आणि सलाईन असे नाना उपाय केले जात. यांपैकी काही निरुपयोगी होते, तर काही अपायकारक होते. उदाहरणार्थ, अ‍ॅट्रोपीनमुळे घाम व लाळ थांबत असली, तरी आधीच वेगाने धावणाऱ्या हृदयाचा वेग आणखी वाढतो. फुप्फुसांत पाणी साचण्याच्या बेतात असताना सलाईनचा अतिरेक झाल्यास तोही घातक ठरतो. याच काळात इस्रायलमध्ये मोशे गेरॉन व सहकाऱ्यांनी विंचूदंशातील हृदयविकारावर मूलभूत अभ्यास केला. मुंबईत के. राधाकृष्ण मूर्ती यांनी इन्सुलिन व ग्लुकोजच्या उपचाराचा पुरस्कार केला.

कोकणातील वाड्यावस्त्यांवर मात्र परिस्थिती वेगळी होती. अनेक रुग्ण प्रथम मांत्रिकाकडे नेले जात. पावसाळ्यात ओढे-नाले भरलेले असताना रुग्णाला डोलीतून किंवा बैलगाडीतून आणावे लागे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचेपर्यंत कित्येक तास उलटलेले असत. महाडपासून मुंबईचे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक असल्याने रुग्णाला तेथील अतिदक्षता विभागात हलविणे बहुधा शक्यच नसे. शोधनिबंधांतील नोंदींनुसार, या काळात गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. त्यांत लहान मुलांचे प्रमाण लक्षणीय होते.

## संशोधनाचा प्रवास

हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ साली जालना जिल्ह्यातील देहेड या गावी झाला. नागपूर येथून वैद्यकीय पदवी घेतल्यावर १९७६ साली ते महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने दगावणारे रुग्ण पाहून त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या तपशीलवार नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. दंशाची वेळ, नाडी, रक्तदाब, हातापायांचे तापमान, घाम, उलट्या आणि पुढील घडामोडी यांची ही टिपणे पुढील संशोधनाचा कच्चा माल ठरली. रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला केलेले निरीक्षण हेच त्यांचे मुख्य साधन होते.

### पूर्वलक्षणांची ओळख

१९८२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची पूर्वलक्षणे मांडण्यात आली. उलट्या, घाम, लाळ, लिंगताठरता आणि थंड हातपाय ही लक्षणे दिसल्यास पुढील काही तासांत हृदय व फुप्फुसांवर परिणाम होण्याची शक्यता असते, हे त्यातून स्पष्ट झाले. कोणत्या रुग्णाला घरी पाठविता येईल आणि कोणाला निरीक्षणाखाली ठेवावे, हे ठरविण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

### रक्तवाहिन्या शिथिल करणारी औषधे

मृत्यूचे मूळ कारण आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या आणि त्यामुळे हृदयावर येणारा भार हे असेल, तर वाहिन्या शिथिल करणे हाच तर्कशुद्ध उपाय ठरतो. या विचारातून प्रथम सोडियम नायट्रोप्रसाइड या औषधाचा वापर करण्यात आला. फुप्फुसांत पाणी साचलेल्या रुग्णांना त्याचा लाभ झाला. तथापि, हे औषध शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते, ते प्रकाशात खराब होते आणि ते देताना रक्तदाबावर सतत लक्ष ठेवावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळीला एकच परिचारिका असताना हे अशक्यप्राय होते.

### प्राझोसिनची निवड

प्राझोसिन हे तोंडाने घेता येणारे व स्वस्त औषध आहे. रक्तवाहिन्यांवरील अल्फा-१ ग्राही ते अडविते. नॉरअ‍ॅड्रिनलीन नेमक्या याच ग्राहींमार्फत वाहिन्या आवळत असल्याने विषाच्या परिणामावर प्राझोसिन थेट उतारा ठरते. शिवाय ते दबलेला इन्सुलिनचा स्राव मोकळा करण्यासही मदत करते. याच कारणाने प्राझोसिनला विंचवाच्या विषावरील ‘औषधशास्त्रीय उतारा’ असे संबोधले गेले. ते विषाला निष्प्रभ करत नाही. विषाने सोडलेल्या वादळाला ते आवर घालते.

प्रकाशित निबंधांनुसार औषधाची मात्रा रुग्णाच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम इतकी असून हातपाय उबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनी दिली जाते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी घसरू शकतो. म्हणून रुग्णाला आडवे ठेवणे, उचलून न नेणे आणि उलट्या-घामामुळे झालेली पाण्याची तूट बेताने भरून काढणे आवश्यक असते. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारच्या गोळ्या या उपचारासाठी योग्य नसतात, कारण त्यांचा परिणाम सुरू होण्यास उशीर लागतो.

१९८६ सालच्या निबंधानंतर हा उपचार कोकणातून महाराष्ट्राच्या इतर भागांत आणि पुढे अन्य राज्यांत पोहोचला. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या नोंदींत गंभीर रुग्णांतील मृत्युप्रमाण काही टक्क्यांपर्यंत, तर काही मालिकांत एक टक्क्याच्या आसपास उतरल्याचे नमूद आहे.

## प्रतिविष आणि २०११ची चाचणी

मुंबईच्या हाफकिन संस्थेने लाल विंचवाच्या विषावर घोड्याच्या रक्तद्रवापासून प्रतिविष तयार केले. चिपळूण येथील डॉ. विवेक नातू व सहकाऱ्यांनी ग्रामीण रुग्णालयातील त्याच्या वापराचे अनुभव २००६ साली प्रसिद्ध केले आणि २०१० साली प्रतिविष व प्राझोसिन यांची तुलना मांडली.

प्रतिविषाच्या उपयुक्ततेविषयी त्या वेळी जगात एकमत नव्हते. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत प्रतिविषाचा लाभ दिसला नव्हता. याउलट अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १५ बालकांवरील २००९च्या चाचणीत प्रतिविष मिळालेली सर्व आठ बालके चार तासांत लक्षणमुक्त झाली. प्रतिविष न मिळालेल्या सातांपैकी एकच बालक तेवढ्या वेळात बरे झाले. विंचवाच्या जाती, प्रतिविषाचे प्रकार आणि निवडलेल्या रुग्णांची गंभीरता भिन्न असल्याने या निष्कर्षांची सरळ तुलना करता येत नाही.

या पार्श्वभूमीवर महाड येथे दुसऱ्या पायरीतील ७० रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. निम्म्या रुग्णांना केवळ प्राझोसिन, तर निम्म्यांना प्राझोसिन व प्रतिविष देण्यात आले. कोणाला कोणता उपचार मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरविण्यात आले. तिचे प्रमुख निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते.

* उपचारानंतर १० तासांनी एकत्रित उपचार मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्णपणे लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या गटात ही संख्या ३५ पैकी ८ होती.
* बरे होण्यास लागलेला सरासरी वेळ एकत्रित उपचाराच्या गटात ८ तास, तर दुसऱ्या गटात १७.७ तास होता.

## मर्यादा

प्राझोसिनविषयीचा प्रारंभीचा पुरावा प्रामुख्याने आधीच्या व नंतरच्या काळातील रुग्णांच्या तुलनेवर आधारलेला आहे. या दरम्यान रस्ते व वाहने सुधारली, रुग्ण लवकर येऊ लागले आणि अपायकारक औषधांचा वापर घटला. त्यामुळे मृत्युप्रमाणातील घटीचे संपूर्ण श्रेय एकाच औषधाला देता येत नाही. दुसरीकडे, उपयुक्तता दिसून आल्यावर काही रुग्णांना हे औषध नाकारून तुलना करणे नैतिकदृष्ट्या कठीण होते. अत्यवस्थ रुग्णांवरील संशोधनात हा पेच वारंवार उद्भवतो.

२०११च्या चाचणीत रुग्णांची संख्या मर्यादित होती. कोणता उपचार दिला जात आहे हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. फुप्फुसांत पाणी साचलेले रुग्ण तिच्यात समाविष्ट नव्हते. म्हणून तिचे निष्कर्ष तिसऱ्या व चौथ्या पायरीतील रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. अशा रुग्णांना प्राणवायू, डोब्युटामिन, नायट्रोग्लिसरीन आणि गरजेनुसार व्हेंटिलेटर असे अतिदक्षता विभागातील उपचार आजही लागतात.

## अतिदक्षता संशोधनातील स्थान

महाराष्ट्रात अतिदक्षता वैद्यकाची परंपरा जुनी आहे. मुंबईत डॉ. फारूख उदवाडिया व सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या १५० रुग्णांवरील अतिदक्षता उपचारांचा अनुभव १९८७ साली प्रसिद्ध केला. धनुर्वातातही स्वायत्त चेतासंस्था अनियंत्रित होत असल्याने हे दोन्ही अभ्यास परस्परांशी जुळणारे आहेत. १९९३ साली मुंबईत इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संस्थेची स्थापना झाली. २०१० व २०११ मध्ये डॉ. जिगीषू दिवाटिया यांच्या नेतृत्वाखाली देशातील १२४ अतिदक्षता विभागांतील ४,२०९ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. भारतीय अतिदक्षता विभागांत कोणते रुग्ण येतात व त्यांचे पुढे काय होते, याचे व्यापक चित्र त्यातून प्रथमच समोर आले.

अशा अभ्यासांत अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचलेले रुग्णच मोजले जातात. वाटेत किंवा गावातच दगावणारा रुग्ण त्यांच्या आकडेवारीत येत नाही. महाडचे संशोधन या दुर्लक्षित गटाशी संबंधित आहे. लक्षणे लवकर ओळखून योग्य औषध पहिल्याच केंद्रावर दिल्यास रुग्ण अत्यवस्थ होण्यापासूनच वाचतो, हे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे. या कार्यासाठी हिंमतराव बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री हा नागरी सन्मान जाहीर झाला.

## प्रथमोपचार आणि प्रतिबंध

विंचू चावल्यास दंशाच्या वर घट्ट दोरी बांधणे, जखम कापणे, चोखणे किंवा डागणे हे उपाय निरुपयोगी व घातक आहेत. रुग्णाला शांत ठेवून शक्य तितक्या लवकर जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. लहान मुलाला दंश झाल्यास वेदना कमी दिसली तरी विलंब करू नये. घाम, उलट्या किंवा गार पडलेले हातपाय आढळल्यास तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रतिबंधासाठी पादत्राणे घालण्यापूर्वी झटकणे, अंथरूण तपासणे, शक्य असल्यास खाटेवर झोपणे, सरपण व गोवऱ्या घरापासून दूर रचणे, भिंतींच्या भेगा बुजविणे आणि रात्री बाहेर पडताना विजेरी वापरणे हे उपाय सुचविले जातात.

## हे सुद्धा पहा

* विंचू
* सर्पदंश
* धनुर्वात
* अतिदक्षता विभाग
* हाफकिन संस्था
* हिंमतराव बावस्कर
* महाड